आजीच्या हाती मोबाईल

"मले नाही जमत बापा, हे पोट्ट्यायचं काम आहे."

वस्तीतल्या कोणत्याही आजीच्या हाती मोबाईल दिला की पहिले वाक्य हेच येते. आजोबा असे बोलत नाहीत, पण चष्मा घरी राहिल्याचे निमित्त काढून फोन परत करतात. आरोग्याच्या पानावर आपण आजवर बीपी, शुगर, सिकलसेल, मोतीबिंदू यांवर लिहीत आलो. या वेळी मोबाईलवर लिहीत आहोत. त्याला कारण आमच्याच विहारातले आहे.

आमच्या विहारात नेमाने येणाऱ्या एक आजी आहेत. आयुष्यभर त्यांनी विड्या वळल्या. तेंदूपत्ता कापून आणि तंबाखू भरून बोटांच्या रेषा पार झिजल्या. मिलमध्ये कामाला असलेल्या नवऱ्याच्या मागे त्यांना थोडी पेन्शन मिळते. हयातीचा दाखला द्यायला त्या गेल्या, तर यंत्राने अंगठाच ओळखला नाही. 'उद्या या' असे तीनदा झाले. पुढे पेन्शन थांबली. घरी कोणाला सांगायची लाज वाटली. बीपीची गोळी त्या रोजच्याऐवजी एक दिवसाआड घेऊ लागल्या, म्हणजे पुरवून पुरवून. विहारात वंदनेच्या वेळी भोवळ येऊन खाली बसल्या, तेव्हा ही सगळी हकिगत आम्हाला कळली. पुण्याच्या नातवाने दिलेला चांगला फोन त्यांच्या पेटीत होता, बिघडू नये म्हणून रुमालात गुंडाळलेला. अकरावीतल्या एका मुलीने त्याच फोनवर आजींचा चेहरा दाखवून दाखला भरला. एका बैठकीत काम झाले.

त्यानंतर वर्षावासात, दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाल्यावर, पाऊण तास ज्येष्ठांना मोबाईल शिकवायचा असे आम्ही ठरवले. तीन महिने वर्ग चालला. त्यात जे कळले आणि वैद्यकशास्त्र या बाबतीत जे सांगते, ते इथे एकत्र मांडत आहोत.

हा आरोग्याचा प्रश्न कसा?

एक कारण वर आलेच. पेन्शन, रेशन, दवाखान्याचे कार्ड, तपासणीचा नंबर, सगळे आता फोनमधून जाते. ज्याला फोन वापरता येत नाही त्याची गोळी चुकते, तपासणी राहून जाते.

दुसरे कारण मेंदूचे आहे. भारतातील साठीपुढच्या लोकांमध्ये सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसले. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांमध्ये जास्त आहे. आपल्या आजी या दोन्ही रांगांत उभ्या आहेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली. ही चौदा कारणे दूर केली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा हिशेब आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही नेहमीची नावे त्या यादीत आहेतच. पण कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, दिसायला कमी येणे, उदासी आणि एकटेपणा हेही आहेत.

एकटेपणा आपल्या वस्तीत नवा आहे. पूर्वी एका घरात तीन पिढ्या असत. आता मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला आणि घरी म्हातारी दोघे किंवा एकटी आजी. मुले शिकली, बाहेर पडली, याचा आनंद आहेच. पण त्या शिक्षणाने घर रिकामे झाले, तर ते भरून काढायची जबाबदारीही शिकलेल्यांवरच येते.

वय झाल्यावर शिकता येते का?

येते. वेग कमी होतो, एकाच वेळी तीन गोष्टी डोक्यात धरणे कठीण जाते, नवे नाव पटकन आठवत नाही. पण पुन्हा पुन्हा हाताने केलेली गोष्ट म्हातारपणीही पक्की बसते.

अमेरिकेत टेक्सास येथे डेनिस पार्क या संशोधिकेने साठ ते नव्वद वयाच्या लोकांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढणे व ते संगणकावर सुधारणे शिकवले, काहींना गोधडीसारखे शिवणकाम शिकवले. दुसऱ्या गटाला एकत्र जमून गप्पा, सहली एवढेच दिले. अवघड नवे काम शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त सुधारली. गप्पांनी मन रमते, ते हवेच. पण मेंदूला व्यायाम घडतो तो थोडे अडखळत काहीतरी नवीन शिकण्याने.

२०२५ मध्ये बेंज आणि स्कलिन या दोघा संशोधकांनी ५७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत पन्नाशीपुढचे चार लाखांहून अधिक लोक होते. फोन, संगणक वापरणाऱ्यांमध्ये बुद्धी मंदावण्याचा धोका ५८ टक्के कमी आढळला. याचा अर्थ मोबाईल हे औषध आहे असा कोणी घेऊ नये. ज्याचा मेंदू तल्लख आहे तोच फोन अधिक वापरत असेल, असेही असू शकते. पण 'मोबाईलने म्हाताऱ्यांचे डोके बिघडते' ही आपल्याकडची समजूत त्यातून सिद्ध होत नाही, एवढे नक्की.

आपल्या महाराष्ट्रातला दाखला तर अधिक जवळचा. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आजी गुलाबी लुगडे नेसून, पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून. अंगठ्याऐवजी सही करणे, हे त्या आजींना सर्वांत मोठे वाटले. ज्यांनी आयुष्यात पाटी पाहिली नाही त्या ऐंशीव्या वर्षी अक्षरे गिरवू शकतात, तर हिरवे बटण दाबणे काय अवघड?

आधी डोळे, कान आणि बोटे

आमची पहिली चूक इथेच झाली. पहिल्या रविवारी आम्ही थेट शिकवायला लागलो. अर्ध्या लोकांना पडदा दिसतच नव्हता. 'आजीला समजत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आजीला दिसत नसते किंवा ऐकू येत नसते. म्हणून शिकवणीआधी हे पाहावे:

डोळे: जवळचा चष्मा आहे का आणि त्याचा नंबर अलीकडे तपासला का? मोतीबिंदू असेल तर आधी शस्त्रक्रिया. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे मोठी करता येतात, पडद्याचा उजेड वाढवता येतो. पहिल्या पानावर चारच चित्रे ठेवावीत, बाकी काढून टाकावीत.

कान: घंटी मोठी आणि जाड आवाजाची ठेवावी. वयामुळे कान कमजोर होतात तेव्हा बारीक, चिरके आवाज आधी ऐकू येईनासे होतात. बोलणे नीट कळत नसेल तर स्पीकर लावावा आणि कानाची तपासणी करून घ्यावी.

बोटे: मोबाईलचा पडदा दाबाने नाही, कातडीतून जाणाऱ्या अगदी थोड्या विजेने चालतो. विड्या वळणाऱ्या, बांधकामावर राबलेल्या हातांची कातडी कोरडी आणि घट्ट झालेली असते. त्यामुळे बोट टेकले तरी फोनला कळत नाही. मग आजी जोरात दाबतात, बोट जास्त वेळ ठेवतात आणि भलतेच काही उघडते. बोटाला किंचित ओल किंवा मलम लावले की फरक पडतो. पडद्यावरची जाड काच काढावी. 'बोट किती वेळ ठेवले म्हणजे दाबून धरले समजायचे' हा वेळ सेटिंगमध्ये वाढवता येतो. हात थरथरत असेल तर फोन टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवून शिकवावे. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगे लक्षण आहे, ते फोनचे दुखणे समजू नये.

शिकवण्याची रीत

शिकवणारी मुले आठवी ते बारावीची होती. त्यांना आम्ही पाच नियम दिले.

पहिला: फोन आजीच्या हातातून घ्यायचा नाही. 'दे इकडे, मी करून देतो' हे प्रेमाने म्हटले तरी शिकणे तिथेच संपते. बोट आजीचे, तोंड तुमचे.

दुसरा: एका रविवारी एकच गोष्ट. फोन उचलणे आणि ठेवणे, यालाच पहिला पूर्ण वर्ग गेला.

तिसरा: हसायचे नाही, उसासा टाकायचा नाही. आपल्या मागच्या पिढीला शाळेत, कचेरीत, दुकानात 'तुला काय समजते' हे पुष्कळ ऐकावे लागले आहे. तो घाव जुना आहे. नातवाच्या तोंडून तेच आले तर फोन पुन्हा पेटीत जातो.

चौथा: आज शिकवलेले उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने करून घ्यायचे. अंतराअंतराने केलेली उजळणी सलग घोकण्यापेक्षा जास्त टिकते.

पाचवा: शेवटी आजीने तेच शेजारच्या आजीला शिकवायचे. ज्याला दुसऱ्याला सांगता आले त्याला आले.

वाचता न येणाऱ्यांना वेगळी वाट आहे. प्रत्येक नंबराला माणसाचा फोटो लावावा. आजी नाव वाचत नाहीत, चेहरा ओळखतात. टाइप करण्याऐवजी माइकचे चित्र दाबून बोलावे. मराठी बोललेले फोन मराठीत लिहून देतो. व्हॉट्सअॅपवर आवाजाचा संदेश पाठवणे सर्वांत सोपे. आमच्या वर्गात पहिल्यांदा जमलेला संदेश 'जयभीम, जेवला का?' एवढाच होता. पलीकडून पुण्याहून उत्तर आले तेव्हा आजींनी ते चार वेळा लावून ऐकले.

कोणती कामे आधी?

आम्ही चार कामे निवडली.

एक, फोन आणि व्हिडिओ कॉल. घरच्या माणसाशी बोलणे हे शिकण्याचे खरे बक्षीस आहे, म्हणून ते पहिले.

दोन, गोळीची आठवण. सकाळ-संध्याकाळचा गजर लावणे आणि गोळ्यांच्या पाकिटाचा, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवणे. दवाखान्यात 'कोणती गोळी चालू आहे?' या प्रश्नाला 'पांढरी, छोटी' हे उत्तर देण्याची वेळ येत नाही.

तीन, हयातीचा दाखला. 'जीवन प्रमाण' ही केंद्र सरकारची सोय १० नोव्हेंबर २०१४ पासून आहे. आधी तिला बोटाचा ठसा किंवा बुबुळ लागे. नोव्हेंबर २०२१ पासून साध्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून दाखला देता येतो. ज्यांचे ठसे कामाने झिजले त्यांच्यासाठी ही मोठीच सोय. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनधारकांनी वर्षात केव्हाही दाखला दिला तरी तो पुढे एक वर्ष चालतो. नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहावी लागत नाही. आपली पेन्शन या सोयीत येते की नाही, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

चार, दवाखान्याची सोय. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. त्यात कुटुंबातील ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. आयुष्मान अॅपवर आधार नंबराने नोंदणी होते. माहिती १४५५५ या नंबरवर मिळते. 'ई-संजीवनी' या सरकारी सोयीतून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, अचानक शुद्ध हरपणे यासाठी मात्र अॅप उघडत बसू नये. थेट १०८ लावावा.

पैसे देण्याघेण्याचे काम आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले. बाबासाहेबांच्या नावाने ओळखले जाणारे 'भीम' अॅप ३० डिसेंबर २०१६ ला आले आणि अंगठा टेकवून पैसे देण्याची 'भीम-आधार' सोय १४ एप्रिल २०१७ ला आपल्या नागपुरातच सुरू झाली. नाव घरचे असले तरी काळजी सोडू नये.

फसवणुकीपासून सावध

ज्येष्ठांना फोन देऊन सावध न करणे म्हणजे पोहायला न शिकवता अंबाझरीत उतरवणे. चार वाक्ये आम्ही सर्वांकडून तोंडपाठ करून घेतली:

पैसे यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो फक्त पैसे जायला.

ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणाला तरी नाही.

लग्नपत्रिका, वीजबिल, बँकेचे काम म्हणून आलेली अनोळखी फाईल उघडायची नाही. उघडताच फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो.

व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक होत नाही. 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यात नाही. वर्दी दिसली तरी फोन ठेवायचा.

शंका आली तर एकच उत्तर: "नातवाले विचारून सांगतो," आणि फोन बंद. पैसे गेलेच तर लगेच १९३० हा नंबर. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि घरच्यांनी रागावायचे नाही. रागाच्या भीतीने म्हातारी माणसे फसवणूक लपवतात. आमच्या आजींनी पेन्शनचे लपवले तसेच.

फोनचेही पथ्य असते

शिकल्यानंतर दोन आजोबा रात्री एकपर्यंत व्हिडिओ पाहू लागले, हेही सांगितले पाहिजे. झोपण्याआधी तासभर फोन बाजूला ठेवावा. मान खाली घालून सतत पाहू नये, फोन डोळ्यांसमोर धरावा. वीस मिनिटांनी दूर पाहावे, उठून चार पावले टाकावीत. चार्जरची वायर चालण्याच्या वाटेत सोडू नये. म्हातारपणी पडणे म्हणजे खुब्याचे हाड. आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या काढ्याने शुगरची गोळी बंद करू नये. एकटेपणा मात्र फोनने पूर्ण जात नाही. विहारात येणे, शेजारी बसणे चालूच ठेवावे. अगदी एकट्या पडलेल्या किंवा घरात त्रास होणाऱ्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा नंबर आहे.

आजीकडूनही घ्यायचे आहे

वर्ग एकतर्फी राहिला असता तर महिन्यात बंद पडला असता. मुले कंटाळली असती आणि ज्येष्ठांना उपकाराचे ओझे झाले असते. दुसऱ्या महिन्यात आम्ही एक बदल केला. आजीने फोन शिकायचा आणि मुलांनी त्याच फोनवर आजीचे बोलणे रेकॉर्ड करायचे.

विड्या वळणाऱ्या आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आठ वर्षांच्या होत्या. पांढरे लुगडे नव्हते म्हणून आईने जुने लुगडे रात्री धुऊन चुलीजवळ वाळवले, हे त्यांनी सांगितले. गर्दीत बाबासाहेब दिसले नाहीत, बापाच्या खांद्यावर बसून फक्त माणसांची डोकी दिसली, हेही सांगितले. अकरावीतली ती मुलगी दीक्षाभूमीवर दरवर्षी जाते. पण हे तिने कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. ज्यांनी तो दिवस डोळ्यांनी पाहिला ती माणसे आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचे बोलणे टिपून ठेवायला फार वर्षे हातात नाहीत.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश जुलै १९४२ मध्ये याच नागपूरच्या परिषदेत दुमदुमला. त्याला वयाची अट घातलेली कुणी ऐकली नाही.

प्रत्येक विहाराने हा वर्ग सुरू करावा अशी आमची विनंती आहे. लागते काय? एक सतरंजी, चार-पाच मुले, आठवड्याचा पाऊण तास आणि वर दिलेले पाच नियम. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी तर विहाराचीही वाट पाहू नये. आज संध्याकाळी पेटीतला फोन काढा, रुमाल सोडा, अक्षरे मोठी करा आणि एकच गोष्ट शिकवा.

आमच्या आजी आता बीपीची गोळी रोज घेतात. सकाळी आठला त्यांचा फोन वाजतो. हा गजर त्यांनी स्वतः लावला आहे.